ब्रह्मदेशाची शिरगणती

मंडालेचे नाव मराठी माणसाला नवे नाही. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ तिथल्या तुरुंगात होते; आणि त्याच मंडालेचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ साली मृत्यू येईपर्यंत आपल्या रत्नागिरीत होता. तरीही ब्रह्मदेशात, म्हणजे १९८९ पासून ज्याचे अधिकृत नाव म्यानमार आहे त्या देशात, राहतात तरी कोण, असे विचारले तर बहुतेक जण 'बौद्ध लोक' एवढे सांगून थांबतील. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. ते किती अपुरे, हे तिथल्या शिरगणतीच्या इतिहासावरून कळते.

राजेशाहीत माणसे मोजीत ती करासाठी आणि फौजेसाठी. बोदोपाया राजाने १७८३ साली आणि पुन्हा १८०२ साली गावोगावच्या मुख्यांकडून जबान्या लिहून घेतल्या. त्यांना 'सित्तान' म्हणत. गावाची हद्द कुठवर, घरे किती, सरकारदेणे किती, हे त्यांत असे. बाहेरच्यांचे अंदाज मात्र भलतेच असत. १७९५ साली आलेला इंग्रजांचा वकील मायकेल सायम्स याने गावे आठ हजार धरली, दर गावी तीनशे घरे, घरटी सहा माणसे, असा गुणाकार मांडला आणि देशाची वस्ती पावणेदोन कोटींच्या घरात नेली! पुढे हेन्री बर्नी या इंग्रज वकिलाने दरबारचीच दप्तरे पाहिली, तेव्हा आकडा बेचाळीस लाखांच्या आसपास उतरला.

इंग्रजांनी १८२४ ते १८८५ या काळात तीन लढाया करून हा देश घेतला आणि हिंदुस्थानला जोडला. त्यामुळे आपल्याकडची दर दहा वर्षांची शिरगणती तिकडेही गेली. १८७२ साली ब्रिटिश मुलखात सत्तावीस लाखांवर माणसे भरली. १९३१ साली साऱ्या प्रांतात १ कोटी ४६ लाख भरली. त्यांत शेकडा ८४ बौद्ध, सुमारे ४ मुसलमान, जवळजवळ ४ हिंदू आणि २ च्या थोडे वर ख्रिस्ती होते. उरलेल्यांत बहुतेक डोंगरी देवतांना भजणारे लोक होते.

आता या शिरगणतीतला धर्माचा रकाना जरा निरखून पाहा. ब्रह्मी शेतकरी सकाळी भिक्षूच्या पात्रात भात वाढतो आणि घरात गृहदेवतेसाठी नारळही टांगून ठेवतो. या देवतांना तिकडे 'नॅट' म्हणतात. त्यांतले प्रमुख सदतीस. त्याला स्वतःला यात काही विसंगत वाटत नाही. पण रकान्यात धर्म एकच मावतो, म्हणून तो बौद्ध. हिंदी मुसलमान बाप आणि ब्रह्मी आई यांच्या मुलांना 'झेरबादी' म्हणत. १९३१ साली असे लाखावर लोक वेगळे नोंदले गेले. भाषा ब्रह्मी, पोशाख ब्रह्मी, पण लोकांच्या लेखी ते परके.

त्या वेळी देशात दहा लाख हिंदी लोक होते. रंगून शहराची वस्ती चार लाख, आणि तिच्यात निम्म्याहून अधिक हिंदी! गोदीतला हमाल तेलुगू, सावकार तमिळ चेट्टियार. मंदीच्या काळात दक्षिण ब्रह्मदेशातली सुमारे चौथाई भातजमीन चेट्टियारांकडे गेली. शेतकऱ्याचा राग उसळला. १९३० आणि १९३८ साली दंगे झाले. कर्जाचे भांडण हळूहळू धर्माचे होऊन बसले.

१९४१ च्या शिरगणतीची कागदपत्रे जपानी स्वारीच्या धामधुमीत बहुतेक नाहीशी झाली. १९४२ साली चार-पाच लाख हिंदी माणसे आराकान आणि मणिपूरच्या वाटांनी पायी निघाली. हजारो वाटेतच मेली. १९६२ साली जनरल ने विन यांनी सत्ता घेतली, पुढच्या दोन वर्षांत दुकाने सरकारजमा झाली आणि आणखी सुमारे तीन लाख हिंदी लोक परतले. १९३१ साली शेकडा चारच्या जवळ असलेले हिंदू १९८३ च्या शिरगणतीत अर्ध्या टक्क्यावर आले, त्याचे मोठे कारण हे. ख्रिस्ती मात्र वाढले. १८१३ साली अमेरिकन पाद्री जडसन आला. बौद्ध ब्रह्मी माणसांवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही, पण पुढे करेन, चिन, काचिन या लोकांत हा धर्म रुजला. २०१४ साली चिन प्रांतात शेकडा ८५ माणसे ख्रिस्ती होती. १९६१ साली पंतप्रधान ऊ नू यांनी बौद्ध धर्म हा राज्यधर्म ठरवला तेव्हा काचिन का बिथरले, ते यावरून ध्यानात येईल.

मग १९८२ चा नागरिकत्वाचा कायदा आला. १८२३ च्या आधीपासून देशात असलेल्या जमातींनाच जन्मतः पूर्ण नागरिकत्व, असे त्याचे सूत्र. वर्ष मुद्दाम निवडलेले होते: पहिली इंग्रज-ब्रह्मी लढाई सुरू व्हायच्या आदले. सरकारमान्य १३५ जमातींत रोहिंग्या मुसलमानांचे नाव नाही.

२०१४ साली, तीस वर्षांनी, पुन्हा मोजणी झाली. राखाईन प्रांतात ज्यांनी आपली जमात 'रोहिंग्या' सांगितली, त्यांना मोजलेच नाही. त्या प्रांतातली न मोजलेली माणसे अंदाजे १० लाख ९० हजार होती. म्हणून त्या अहवालात दोन हिशेब आहेत. मोजलेल्यांत बौद्ध शेकडा ८९.८ आणि मुसलमान २.३, न मोजलेले धरले तर बौद्ध ८७.९ आणि मुसलमान ४.३. धर्माचे हे आकडे सरकारने २०१६ च्या जुलैपर्यंत दाबून ठेवले. पुढच्याच वर्षी, २०१७ साली, लष्कराच्या कारवाईपुढे सात लाखांवर रोहिंग्या सरहद्द ओलांडून बांगलादेशात गेले.

२०२१ साली लष्कराने पुन्हा सत्ता घेतली आणि देशभर लढाई पेटली. त्या धुमाळीत २०२४ च्या ऑक्टोबरात शिरगणती झाली. ३३० तालुक्यांपैकी पुरी मोजणी झाली ती १४५ तालुक्यांत. एकूण ५ कोटी १३ लाख हा आकडा जाहीर झाला. त्यांतले १ कोटी ९१ लाख केवळ अंदाजाचे.

राजाचा कारकून घरे मोजी, इंग्रजांचा कारकून धर्म आणि भाषा मोजू लागला, आणि पुढच्या सरकारांनी माणूस देशाचा की परका हे ठरवायला तीच कोष्टके वापरली. 'बौद्धांचा देश' हे उत्तर अपुरे का, ते आता उघड आहे. शेकडा अठ्ठ्याऐंशीचा तो आकडा वाचताना उरलेले बारा कोण, आणि ज्यांच्या दारी मोजणारा थांबलाच नाही ते कोण, हेही विचारले पाहिजे.