रेव्हरंड जॉन विल्सन : वाद, विद्या आणि विद्यापीठ

१/७
पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील विद्यार्थ्यांना एकेकाळी पदवी मिळे ती मुंबई विद्यापीठाची. त्याच विद्यापीठाच्या कुलगुरुपदी १८६८ मध्ये हिंदू व पारशी धर्मांवर जाहीर टीका करणारे एक मिशनरी आले. हे घडले कसे?

२/७
जॉन विल्सन यांचा जन्म १८०४ मध्ये स्कॉटलंडमधील लॉडर येथे झाला. १८२९ मध्ये ते पत्नी मार्गारेट यांच्यासह मुंबईस आले व मराठी शिकले. मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा काढल्या. १८३५ मध्ये त्यांचे निधन झाले. विल्सन यांनी १८३२ मध्ये काढलेली शाळा म्हणजेच पुढचे विल्सन कॉलेज.

३/७
धर्मांतर हा त्यांचा उघड हेतू होता. मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. दोन्ही पक्षांनी पुस्तके लिहिली. १८३९ मध्ये दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि संतप्त पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली.

४/७
परंतु खंडनासाठी मूळ ग्रंथ वाचणे भाग होते. त्या वाचनातून १८४३ मध्ये पारशी धर्मावरील त्यांचा ग्रंथ सिद्ध झाला. गिरनारच्या अशोकलेखाची त्यांनी मिळवलेली प्रत जेम्स प्रिन्सेपला उपयोगी पडली. त्याने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली. मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत मराठी भाषेवरील टिपण विल्सन यांचेच आहे.

५/७
१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा नाना शंकरशेट व भाऊ दाजी यांच्याबरोबर विल्सनही पहिल्या फेलोंमध्ये होते. ते कुलगुरू झाले ते या विद्वत्तेच्या बळावर. मात्र १८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार पदवी परीक्षांत धर्मश्रद्धेचा विषय वर्ज्य होता.

६/७
पाश्चात्त्य शिक्षणाने तरुण ख्रिस्ताकडे वळतील, ही मिशनऱ्यांची आशा होती. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांपैकी रानडे व भांडारकर वळले ते प्रार्थना समाजाकडे. धर्मचिकित्सा त्यांनीही केली, पण स्वधर्मात राहून.

७/७
१८७५ मध्ये विल्सन मुंबईतच निवर्तले. १८९३ मध्ये डेक्कन कॉलेजातून निवृत्त झालेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याच कुलगुरुपदावर आले. विल्सन यांना केवळ ‘धर्मप्रसारक’ म्हटले तर त्यांची विद्या निसटते. केवळ ‘विद्वान’ म्हटले तर तिच्यामागची प्रेरणा. आणि त्यांनी वाढवलेली संस्था त्यांच्या हेतूबाहेर वाढली, हे दोन्ही शिक्क्यांत मावत नाही.