दोरी कुठली होती?

वडगाव मावळहून लोकलने लोणावळ्याला गेलात तर वळवण तलावापाशी टाटा पॉवरचं महसीर माशांचं बीजकेंद्र आहे. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी १९७० च्या दशकात इथे टॉर खुद्रीच्या कृत्रिम प्रजननाचं काम केलं. ही जात मूळची आपलीच. साइक्स यांनी १८३९ मध्ये तिचं वर्णन केलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. लोणावळ्याची पिल्लं पुढे लांबलांबच्या नद्यांत सोडली गेली, अगदी कावेरीतही.

कावेरीत आधीपासून दुसरा महसीर होता, पाठीवर कुबड असलेला आणि आकाराने अवाढव्य. १९४६ मध्ये व्हॅन इंगेन यांनी कावेरीच्या उपनदीत, काबिनीत, १२० पौंडांचा (सुमारे ५४ किलो) महसीर गळाला लावला. हा आकडा महसीरवाल्यांना तोंडपाठ असतो. पण एवढा मासा कुठल्या दोरीवर आला, हे सहसा कोणी विचारत नाही. संशोधनाच्या दृष्टीने मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. गळाने मिळालेला मासा हे मोजमाप धरलं, तर दोरी आणि रीळ हे मोजण्याचं उपकरण झालं. उपकरण बदललं की आकडेही बदलतात.

कसे, ते जरा हिशोबाने बघू. मोठा मासा पहिल्या धावेतच शे-दोनशे मीटर दोरी ओढून नेतो, म्हणून रिळावर भरपूर दोरी हवी. पण रिळात जागा ठरलेली. दोरीची जाडी निम्मी केली तर त्याच जागेत ढोबळमानाने चौपट लांबी बसते, कारण हिशोब जाडीच्या वर्गाचा आहे. जाडी कमी केली की ताकद जाते. दोरी निवडणं म्हणजे मुळात ही तडजोड.

दुसरी गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. रिळाचा ब्रेक, म्हणजे ड्रॅग, भरलेल्या रिळावर लावतात. समजा दोरी १५ किलोची आहे आणि ड्रॅग तिच्या एक तृतीयांश, म्हणजे ५ किलोवर लावलाय. भरलेल्या रिळाची त्रिज्या ३ सेंटीमीटर. मासा पळाला, दोरी गेली, त्रिज्या २ सेंटीमीटर उरली. ब्रेकचा टॉर्क तोच, त्यामुळे ओढ आता साडेसात किलो! त्यात पाण्यातल्या लांब दोरीचा रोध, गाठीपाशी कमी झालेली ताकद. रीळ आधीच अर्धवट भरलेलं असेल तर खेळ लवकर संपतो. म्हणून रीळ काठोकाठ नाही, पण काठाच्या जरा खालपर्यंत भरायचं, आणि भरताना दोरी ताणून धरायची. सैल गुंडाळली तर वरचा वेढा जोराच्या ओढीला खालच्या वेढ्यांत रुततो आणि अडकतो. समुद्रात चालत्या बोटीमागे आमिष ओढत सुरमई किंवा कुपा पकडणाऱ्यांच्या रिळालाही हेच गणित लागू.

आता इतिहास. रेशमी विणीची दोरी वापरल्यावर रोज उलगडून वाळवावी लागे, नाहीतर कुजायची. समुद्रात जवसाच्या धाग्याची लिनन दोरी चाले. ती ओली झाल्यावर जास्त मजबूत होते. १९३८ मध्ये ड्युपाँटने नायलॉन जाहीर केलं. ते कुजत नाही, पण ताणतं, आणि ताणून भरलं तर आकसताना स्पूलच आवळतं. १९९० च्या दशकात पॉलिइथिलीनच्या तंतूंची विणलेली दोरी बाजारात आली. तेवढ्याच ताकदीला ती कितीतरी बारीक. मात्र धातूच्या स्पूलवर घसरते, म्हणून आधी थोडं नायलॉन गुंडाळतात. (बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोद लिहिला, तेव्हा माशांबरोबर सामग्रीही नोंदवली. आपल्या कितीतरी नोंदवह्यांपेक्षा बरा की!)

पुन्हा कावेरीकडे येऊ. पिंडर, राघवन आणि ब्रिटन यांचा २०१५ चा शोधनिबंध गळकऱ्यांच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदींवर उभा आहे. त्यांना दिसलं की कुबडवाला महसीर घटत गेला आणि बाहेरून आणलेला निळ्या परांचा, म्हणजे आपला लोणावळ्याचा, वाढत गेला. वाचताना पहिली शंका माझ्या मनात आली ती हीच: या वर्षांत दोऱ्या सुधारल्या असतील तर?

मग उलटा विचार करून पाहिला. चांगल्या दोरीचा फायदा कोणाला पकडताना जास्त? जो दोरी तोडून पळायचा त्याला, म्हणजे मोठ्या, कुबडवाल्या माशाला. दोरी सुधारली असती तर नोंदींत तो वाढायला हवा होता. तरीही तो घटला. म्हणजे दोरीचा दोष धरला तरी निष्कर्ष कमकुवत होत नाही, उलट पक्का होतो. याउलट ‘१९४६ मध्ये केवढे मासे होते आणि आता केवढे’ अशी वजनांची थेट तुलना मी करणार नाही. तिथे दोरी मधे येते.

त्या कुबडवाल्याची टॉर रेमादेवी ही शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये पटली. तोवर तो अतिसंकटग्रस्त झालेला होता.