आधी छप्पर, शेवटी कोबा

मेढी पुरून मांडव घालणं आपल्याला नवीन नाही. अमेरिकेत 1930 च्या दशकातल्या मंदीत हीच युक्ती शेतकऱ्यांच्या कामी आली. पाया आणि जड लाकडी चौकट उभी करायला पैसा कुठला? हॉवर्ड डोन आणि बर्नॉन पर्किन्स या दोघांना या बांधणीचं श्रेय देतात. क्रिओसोट मुरवलेले, तारांच्या खांबांसारखे वासे थेट जमिनीत गाडायचे आणि त्यांवरच छप्पर चढवायचं. आधी गोठे, मग मोटारींची गॅरेजं अशीच उभी राहिली.

इथे सगळा भार खांबांवर. कोबा छपराला धरून नसतो, म्हणून तो शेवटी, सावलीत घालता येतो. आणि तिथेच माणूस फसतो. नोकरीत अशा एका वाहनशेडची मी घाई केली. छप्पर चढलं म्हणजे काम झालं, असं वाटलं. भराव थराथराने दुरमुसाने चोपला नाही, कोब्यावर सात दिवस पाणी मारलं नाही. पहिल्याच पावसाळ्यात थ्री-टनरखाली तो खचला. खांब जागचे हलले नव्हते.

सगळं फोडून पुन्हा केलं. या वेळी प्रत्येक थर चोपला, खांबांभोवती फट सोडली. जवान काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.