मंत्रचळ म्हणजे टापटीप नव्हे

'मला ना, थोडं ओसीडी आहे,' असं सांगत मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावणारी माणसं लंडनच्या मराठी घरांत भेटतात, तशी पुण्यातही. पण या आजाराला, आपल्या जुन्या शब्दात मंत्रचळाला, स्वच्छतेची आवड समजणं साफ चूक आहे. इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सन दारातून जाताना पावलं मोजी आणि चुकलं की मागे फिरून पुन्हा सुरुवात करी, असं त्याचा चरित्रकार बॉस्वेल सांगतो. त्याच जॉन्सनचा पोशाख मात्र गबाळेपणासाठी प्रसिद्ध होता!

दुसरा समज अधिक घातक: 'मनात आलं, म्हणजे मनात होतंच.' तान्ह्या बाळाला आपल्या हातून इजा होईल या भीतीनं सुऱ्या कुलपात ठेवणारी आई त्यामुळेच गप्प राहते. १९७८ साली मानसशास्त्रज्ञ रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी लंडनमध्ये निरोगी माणसांनाही विचारलं, तेव्हा बहुतेकांच्या मनात असेच विचार डोकावत असल्याचं दिसलं. रुग्णाच्या मनात ते वारंवार येतात, जास्त छळतात आणि हटता हटत नाहीत. पॉल सॅल्कोव्हस्किस यांनी १९८५ मध्ये त्याचं कारण मांडलं: रुग्ण त्या विचारातून होऊ शकणाऱ्या अनर्थाची सगळी जबाबदारी स्वतःवर घेतो.

मग धीर द्यावा, असं घरच्यांना वाटतं. 'गॅस बंद केला ना?' 'हो रे, केला.' दोन मिनिटं बरं वाटतं, की शंका परत हजर. प्रत्येक उत्तर तिला खाऊ घालतं. मायेपोटी दिलेलं असलं तरी.

१९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या व्हिक्टर मायर यांनी उलटी वाट धरली. ज्याची भीती, त्याच्याशी रुग्णाची गाठ घालायची आणि नंतरचं हात धुण्यासारखं कर्मकांड रोखायचं. हे त्यांनी दोन रुग्णांवर करून दाखवलं. पुढे मॉडस्ली रुग्णालयात ही पद्धत घडत गेली. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाईस' या संस्थेनं २००५ पासून तिचीच शिफारस केली आहे. जोडीला सर्ट्रालीनसारखी औषधं, ज्यांचा गुण यायला बारा आठवडेही लागू शकतात. इंग्लंडमध्ये प्रौढांना या उपचारासाठी जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, चिठ्ठीशिवायही नाव नोंदवता येतं.

त्या आईला मग कुणी 'तू असं करणारच नाहीस' असं सांगत बसत नाही. बाळ शेजारी झोपलेलं असताना ती कांदा चिरते. हात थरथरतो, पोटात गोळा येतो. तरी सुरी खाली न ठेवता ती पुढचा कांदा घेते.