फायबरचं बॉनेट

आमच्या परड्यातल्या कोंबड्यांच्या खुराड्यावर एक गंजका पत्रा आहे. नवख्या माणसाला तो नुसता पत्रा वाटतो. ते विलीज जीपचं बॉनेट आहे. मधोमध एक खोच आहे, टाचेएवढी. १९८३ सालच्या यात्रेत कुस्त्या दिसेनात म्हणून आमचे नाना, म्हणजे धाकटे चुलते, बॉनेटवर चढले आणि आपला पैलवान निकाली झाल्यावर तिथंच उडी मारली. आण्णा आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. पुढं पाच वर्षांनी नाना गेले. त्यानंतर त्या खोचेला कुणी ठोकून सरळ करायचं नाव काढलं नाही.

जीप आण्णांनी १९७८ साली सरकारी लिलावात घेतली होती. ही गाडी मुळात युद्धाची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा काढल्या. युद्ध संपल्यावर महिंद्रांनी मुंबईत माझगावला त्या जोडायला घेतल्या. आमची सीजे-३बी. विलीजनं १९५३ साली तिचं इंजिन बदललं, ते जास्त उंच होतं, म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. त्या उंच नाकामुळं ती दुरून ओळखू यायची. गंमत म्हणजे त्याच १९५३ साली अमेरिकेत शेवरलेनं सगळी बॉडी फायबरची असलेली कॉर्व्हेट काढली, पहिल्या वर्षी फक्त ३००. आपल्याकडं १९८२च्या सुमाराला बंगळूरची सिपानी डॉल्फिन आली, तीही फायबरचीच. आमच्या भागात मात्र फायबर म्हटलं की गणपतीच्या देखाव्यातले पुतळे नि पाण्याच्या टाक्या.

कवठेमहांकाळ-मिरज रस्त्याला वडाप करता करता बॉनेटच्या कडा गंजून चाळणी झाल्या. १९९४च्या उन्हाळ्यात मी मिरजेच्या एका पुतळेवाल्याकडं ते घेऊन गेलो. त्यानं बॉनेटला मेण चोळलं, त्यावरून साचा काढला आणि साच्यात मॅट अंथरून रेझिन पाजलं. मे महिन्याचं ऊन, हार्डनर टाकलं की डब्यातच रेझिन घट्ट व्हायचं, म्हणून तो पहाटे काम करायचा. नवीन बॉनेट घरी आणलं. आण्णांनी हात फिरवला आणि मधेच थांबले. साच्यानं खोचसुद्धा उचलली होती. काही न बोलता ते गोठ्याकडं गेले.

बिजागरी मी बसवली. जीपचं बॉनेट काचेच्या बाजूला लांब बिजागरीवर फिरतं आणि पुढं दोन्ही बाजूंना मडगार्डवरच्या अडकणीत अडकतं. मला लोखंडाची सवय. जुन्या भोकांच्या मापानं ड्रिल मारलं, लहान वॉशर घातले आणि पाना मोडेल इतका पिळला. वरच्या रंगात बोल्टभोवती केसासारख्या रेषा उमटल्या, त्या मी पॉलिशनं झाकल्या.

पंधरा दिवसांनी आक्काला कळा सुरू झाल्या. मी स्टेअरिंगवर, मागं आक्का, आई आणि भाऊजी, पुढं आण्णा. मिरजेच्या अलीकडं उताराला डाव्या अडकणीची कडी फायबरमधून उपटून निघाली. हलकंच बॉनेट, खालून वारा शिरला आणि ते धाडकन काचेवर आलं. समोर रस्ता दिसेना. मी ब्रेक दाबला ते आण्णांच्या हाताच्या भरवशावर. ते बाहेर वाकून ओरडत होते, "डावीला घे, डावीला! थांब, थांब!" गाडी थांबली तेव्हा बिजागरीच्या एका कडेचे बोल्ट फायबरचा तुकडा घेऊन सुटले होते. उरलेले सोडवून बॉनेट लिंबाखाली ठेवलं, राखणीला भाऊजींना बसवलं आणि उघड्या इंजिनानं आम्ही दवाखाना गाठला. त्या दिवशी भाची झाली. भाऊजींना पोरगी झाल्याचं संध्याकाळी कळलं. ते अजून मला ऐकवतात.

पुतळेवाला म्हणाला, टाका हे, नवीन करतो. आण्णा म्हणाले, "हेच दुरुस्त करायचं." मग आमचे गावचे मिस्त्री आले. आयुष्यभर लोखंड नि लाकूड दोन्ही हाताळलेला माणूस. बोल्टाची भोकं बघून मला म्हणाले, "आरं पोरा, लोखंडागत पिळलास न्हवं? ह्ये चुरतंय. जोर एका ठिकाणी द्यायचा न्हाई, वाटायचा." वाड्याच्या दाराला फळीभर लांब लोखंडी पट्टी मारतात, तिचं काम नक्षीचं नसतं, असं सांगून त्यांनी पुतळेवाल्याला कामाला लावलं.

बॉनेटची आतली बाजू कागदानं खरवडली. बिजागरीच्या जागी मॅटचे चार-पाच थर वाढवले आणि मधे बिजागरीएवढी लांब लोखंडी पट्टी पुरली. कड्यांच्या जागीही तसंच. वरून चिकटपट्टी लावून सावकाश भोकं पाडली, बोल्टापेक्षा किंचित मोठी. खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे, वर रुपयाएवढे वॉशर, नटावर नट. आधी सगळे बोल्ट ढिले ठेवून बॉनेट बंद केलं, चारी बाजूंच्या फटीत काडेपेटीतली काडी फिरवून बघितली, फट सारखी झाल्यावरच आवळलं. तेही बेतानं. पुढं मडगार्डपासून चामड्याचे दोन पट्टे मिस्त्रींनी आपल्या मनानं बांधले. "अडकण सुटली तरी ह्ये धरंल," म्हणाले.

सगळी भर आतून घातली होती. वरून खोच होती तशी राहिली.

जीप २००६ सालापर्यंत रस्त्यावर होती. आता शेडमध्ये आहे. भाची आली की तिचा पोरगा बॉनेटवर चढतो आणि आण्णा खुर्चीवरून ओरडतात, "उतर खाली, आधी उतर!"