रात्रीच्या वर्गांना कुलूप लावणारा गुरू

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याचा विषय निघाला की आपल्याला मार्टिन ल्यूथर किंग आठवतात. आज मी तुम्हाला त्यांच्याही आधी, एका कॉलेजात नेणार आहे. वॉशिंग्टनचं हॉवर्ड विद्यापीठ. स्थापना १८६७, गुलामगिरी संपून जेमतेम दोन वर्षं झाली होती.

गोऱ्यांच्या बहुतेक कॉलेजांची दारं बंद, म्हणून अशी वेगळी कॉलेजं निघाली. १८९६ साली सुप्रीम कोर्टानं 'वेगळे, पण समान' या तत्त्वावर शिक्काही मारला. समान काय होतं म्हणा!

हॉवर्डचा कायद्याचा वर्ग तेव्हा रात्री भरायचा. दिवसभर नोकरी करून पोरं शिकायची. १९२९मध्ये सूत्रं चार्ल्स ह्यूस्टन यांच्याकडे आली आणि त्यांनी रात्रीचे वर्ग बंद केले. मी स्वतः रात्रशाळेत शिकलोय, त्यामुळे हे वाचलं तेव्हा मला राग आला होता. गरिबाची एक वाट बंदच झाली ना? पण ह्यूस्टन यांना नुसते पदवीधर नको होते. गोऱ्यांच्या कोर्टात उभं राहून जिंकतील असे वकील हवे होते. १९३१मध्ये कॉलेजला पूर्ण मान्यता मिळाली.

त्या पहिल्या पोरांत थरगुड मार्शल होता. गावातल्या, म्हणजे बाल्टिमोरच्या सरकारी लॉ कॉलेजात काळ्यांना प्रवेश नव्हता. आईनं अंगठ्या गहाण टाकून फी भरली. पोरगा रोज रेल्वेनं वॉशिंग्टनला जायचा. १९३३मध्ये पहिला आला आणि दोनच वर्षांत गुरू-शिष्यांनी त्याच बाल्टिमोरच्या कॉलेजवर खटला भरून एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळवून दिला!

त्याच सुमारास ह्यूस्टन कॅमेरा घेऊन साउथ कॅरोलायनात फिरले. काळ्या मुलांच्या मोडक्या शाळा त्यांनी फिल्मवर घेतल्या. पुरावा हवा, नुसती तक्रार नको.

१७ मे १९५४. 'ब्राउन' खटल्याचा निकाल लागला, शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरला. बाजू लढवणारे मार्शल, रॉबर्ट कार्टर, ऑलिव्हर हिल, स्पॉट्सवूड रॉबिन्सन, सगळे हॉवर्डचे. ह्यूस्टन मात्र १९५०मध्येच गेले होते, वयाच्या ५४व्या वर्षी.

आता एक कडू गोष्ट. पुढं दक्षिणेत शाळा एकत्र करताना बंद पडल्या त्या बहुतेक काळ्यांच्या. हजारो कृष्णवर्णीय शिक्षक घरी बसले. कॉलेजांनाही लोक विचारू लागले, आता तुमचं काम काय? तरी अशी शंभरेक कॉलेजं आजही चालू आहेत. हॉवर्डही.