दस्ता

तारापूरजवळ समुद्रकाठी वसलेल्या घिवली गावात आमच्या एका स्नेह्यांच्या घरी बाराबोअरची एक जुनी दुनळी बंदूक आहे. परवाना रीतसर आहे, नळ्या शाबूत आहेत, बाहेरचे दोन्ही घोडे अजून खटकन् पडतात. पण दोन वर्षांपूर्वी भिंतीवरून उतरवताना ती हातातून निसटली आणि दस्ता मानेपाशी, म्हणजे उजव्या हाताची मूठ जिथे बसते तिथे, आरपार चिरला. परवडेल असा कुणी कारागीर ठाऊक आहे का, असे स्नेह्यांनी आम्हांला विचारले. पुस्तके बांधणाऱ्यांचे पत्ते आमच्यापाशी असतात, तेव्हा दस्ता बसवणाऱ्याचाही असेल, असा त्यांचा भाबडा समज होता. पत्ता नव्हता. पण शोध सुरू झाला आणि तो दुकानांपेक्षा इतिहासातच अधिक फिरला.

आधी दस्ता म्हणजे काय ते पाहू. फारसीत 'दस्त' म्हणजे हात. दस्ता म्हणजे हाताने धरायचा भाग. 'काडतूस' पोर्तुगीजांकडून आले, 'बंदूक' अरबी-फारसी वाटेने. शब्दांचे हे गोत्र पाहिले तर बंदुकीत मराठी मुलखाचे म्हणावे असे काहीच उरत नाही असे वाटेल. तसे नाही. या देशातल्या जामगीच्या लांब बंदुकीला, म्हणजे तोडेदार बंदुकीला, नळी लाकडावर ठेवून चामड्याच्या वाद्यांनी किंवा धातूच्या पट्ट्यांनी आवळलेली असे. लाकूड मोडले तर वाद्या सोडायच्या, नवे लाकूड तासायचे, पुन्हा आवळायचे. हे काम गावच्या सुताराच्या आवाक्यातले होते. घिवलीहून जवळच असलेला तारापूरचा किल्ला चिमाजी अप्पांच्या फौजेने जानेवारी 1739 मध्ये घेतला, बाजी भिवराव रेठरेकर तिथे पडले. त्या मोहिमेच्या वर्णनांत तोफा येतात, सुरुंग येतात, माणसांची नावे येतात. मोडलेले दस्ते कुणी तासले ते येत नाही. लष्कराबरोबर सुतार-लोहार असतच, पण त्यांची आठवण ठेवणे हे बखरकाराचे काम नव्हते.

विलायती दुनळी ही निराळीच जात. तिच्यात लाकूड लोखंडाला बांधलेले नसते, हिरडीत दात बसावा तसे लोखंड लाकडात बसलेले असते. कारागीर लोखंडी भागाला काजळी लावतो, तो लाकडात दाबतो, काढतो आणि जिथे काळा डाग उमटला तेवढेच लाकूड खरवडतो. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. असे शेकडो वेळा. दोन्ही पृष्ठे सर्वत्र सारखी टेकली नाहीत, तर बाराच्या धक्क्याने लाकूड तिथेच फुटते. शिवाय दस्त्याला खाली किती वाक द्यायचा आणि उजव्या खांद्यासाठी तो बाजूला किती कलता ठेवायचा, हे धरणाऱ्याच्या अंगावर ठरते. चापापासून टोकापर्यंतचे विलायती माप साधारण साडेचौदा इंच असते, पण ते माप सरासरीच्या साहेबाचे. शेवटी जवसाचे तेल हाताने चोळायचे. त्यात आठवडे जातात. मजेची गोष्ट अशी, की बर्मिंगहॅममध्येसुद्धा हे काम करणाऱ्याचे नाव बंदुकीवर येत नसे. नळीवाला वेगळा, कळीवाला वेगळा, नक्षीवाला वेगळा, दस्तेवाला वेगळा, आणि कोरले जाई ते विकणाऱ्या पेढीचे नाव. आमच्या स्नेह्यांच्या बंदुकीवरही तसेच आहे.

मग असा कारागीर आमच्याकडे का उरला नाही? कौशल्य नव्हते असे कुणी म्हणेल, तर ते आम्हांला मान्य नाही. ज्यांनी वाड्यांचे शिसवी खांब कोरले, होड्यांना पाणी शिरणार नाही असे सांधे दिले, त्यांना काजळी लावून लाकूड बसवणे जमले नसते हे पटत नाही. कारण अन्यत्र आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांना ते साल चांगले पाठ असते.

1878. लॉर्ड लिटनच्या सरकारने देशी भाषांतील वृत्तपत्रांना वेसण घालणारा कायदा केला तो या साली. त्यावर आपण निबंध लिहितो, परीक्षेत प्रश्न विचारतो. हत्यारांचा कायदाही त्याच साली झाला, त्याचा उल्लेख मात्र बहुधा एका ओळीत उरकतो. शस्त्र बाळगणे तर परवान्याखाली आलेच, पण ते घडवणे, त्यात फेरफार करणे आणि विकणे हेही आले. युरोपीयांना मात्र नियमांनी सूट दिली. पहिला कायदा लॉर्ड रिपनच्या काळात 1882 मध्ये रद्द झाला. 'केसरी' 1881 च्या जानेवारीत निघाला तेव्हा तो नावापुरता तरी जिवंत होता, पुढच्या वर्षी गेला. दुसरा कायदा राहिला. काँग्रेसने 1887 च्या मद्रासच्या अधिवेशनात त्याविरुद्ध ठराव केला, तरी राहिला. स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा आला, तो 1962 पासून अमलात आला, आणि त्याच्या पाचव्या कलमात परवान्याशिवाय न करण्याच्या गोष्टींत 'दुरुस्ती' हा शब्द स्वच्छ लिहिलेला आहे. (त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे, बंदूक म्हणजे शिवणयंत्र नव्हे.) 'अमृत बझार पत्रिका' 1878 च्या कायद्यातून सुटण्यासाठी एकाएकी संपूर्ण इंग्रजी झाली. संपादकाला भाषा बदलता आली. सुताराला बदलण्यासारखे काही नव्हते. त्याने ते काम सोडले.

पुढचे थोडक्यात सांगता येईल. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली, तेव्हा हौशी बंदुका भिंतीवर गेल्या आणि दस्ते मोडेनासे झाले. 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येऊ लागल्या. आमच्या स्नेह्यांकडे तीन होत्या. धडधाकट होती ती एक त्यांनी जमा केली, ही चिरण्याआधीच. आता ही आजोबांची दुरुस्त झाली नाही, तर तीही जाईल, आणि घरात उरेल ती कुणाच्याच आठवणीशी न जोडलेली एकनळी.

घिवलीच्या किनाऱ्यावर होड्या बांधणारे एक वयस्क सुतार आहेत. फायबरच्या होड्या आल्यापासून त्यांच्याकडे नवे काम थोडे, डागडुजीच जास्त. त्यांनी बंदूक हातात घेतली नाही; स्नेह्यांना ती उजेडात धरायला सांगितली आणि खाली बसून चीर पाहिली. तेल मुरून मानेपाशी लाकूड काळे आणि मऊ झाले होते. नळ्या वर करून उभी ठेवलेल्या बंदुकीत वर्षानुवर्षे तेल खाली उतरते, त्याचा हा परिणाम. "काका, लाकडाचं काम आठ-दहा दिवसांचं," ते म्हणाले, "पण लोखंड यात बसवलं की पोलीस मला विचारतील, तुम्हांला नाही." त्यांचे बरोबर होते.

मुंबईच्या एका परवानाधारक दुकानात आम्ही चौकशी केली. त्यांच्याकडे आठवड्यातून दोन दिवस येणारा एक कारागीर आहे, मूळचा मुंगेरचा. मीर कासीमने अठराव्या शतकात तिथे हत्यारांचा कारखाना काढला, आणि ती परंपरा पुढे परवाना असलेल्या कारखान्यांतून टिकली. कायद्याने हुन्नर मरतोच असे नाही, पण त्याला एका गल्लीत कोंडतो, असे मुंगेरकडे पाहून वाटते. काश्मिरी अक्रोडाच्या लाकडासह जो आकडा सांगितला गेला, तो बंदूक विकून आला असता त्याहून मोठा होता. निम्म्याहून अधिक भार लाकडाचा होता. लाकूड आमचे असेल तर? कारागिराने मान हलवली. जुने, वाळलेले, सरळ रेषेचे, मानेपाशी गाठ नसलेले असेल तर चालेल. साग नको, तो कडेला तुटतो. शिसव जड होईल, पण तोल सांभाळता येईल.

स्नेह्यांच्या जुन्या घराचा शिसवी उंबरठा नवे घर बांधताना काढून ठेवलेला होता. सुतारांनी त्याचे खिळे उपटले, भोके चुकवून दोन फुटांचा तुकडा कापला, त्याची कड ओली करून रेषा कशा जातात ते पाहिले आणि कोणती बाजू वर ठेवायची याची खडूने खूण केली. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. लाकूड कापायला परवाना लागत नाही.

बंदूक आता दुकानाच्या वहीत नोंदलेली आहे आणि तुकडा तिच्याशेजारी फळीवर आहे. कारागीर सणाला गावी गेला आहे, दिवाळीनंतर येतो म्हणाला होता.